ओपणी

उन्हाळ्यात तापीचं पाणी ओसरलं की पात्रात गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. कडेच्या उथळ पाण्यात पाय बुडवून उभं राहिलं, तर तळाशी एकेक नमुना दिसतो. कुठे मधासारखा पिवळा, कुठे दुधी, कुठे विटकरी, तर एखाद्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक रेघा. मुलं खिसे भरभरून हे गोटे घरी आणतात. वाटेत खिसा ओला होतो, दगड वाळतात, आणि ओट्यावर ओतल्यावर सगळे सारखेच राखाडी, पिठूळ दिसतात. नदीत पाहिलेला दगड घरी येईपर्यंत कुणीतरी बदलून टाकला असावा, असं वाटतं.

दगड तोच असतो. मधल्या वेळात फक्त त्याच्यावरचा पाण्याचा पापुद्रा उडालेला असतो. हा पापुद्रा नेमकं काय करत होता ते समजलं, की 'चकाकी' या शब्दातलं बरंचसं गूढ उकलतं. खानदेशच्या मातीत याच गोष्टीचे इतके नमुने पडलेले आहेत, की पॉलिशचं सगळं शास्त्र जळगाव-धुळ्याच्या दगडांवरून सांगता येईल.

पाण्याचा पापुद्रा

वाळलेल्या गोट्याचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला तरी तो तसा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे खड्डे, ओरखडे आणि टवके दिसतात. त्यावर पडणारा उजेड शंभर दिशांना उधळला जातो. हा उधळलेला पांढुरका उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो आणि आतला रंग त्याच्या धुक्यात हरवतो. पाणी हे खड्डे भरून काढतं आणि वरून स्वतःची सपाट पाटी तयार करतं. उजेड आता न विखुरता सरळ आत जातो, आतल्या रेघांना भिडतो आणि रंग घेऊन बाहेर येतो.

पॉलिश करणं म्हणजे पाण्याने घटकाभरासाठी केलेलं काम कायमचं करून ठेवणं. फरक इतकाच, की पाणी खड्डे भरतं आणि कारागीर उंचवटे काढतो. तो दगडाला काहीही लावत नाही. आधी भरड पुडीने घासतो, मग तिच्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. प्रत्येक पूड आधीच्या पुडीचे ओरखडे पुसते आणि स्वतःचे, जरा लहान, ओरखडे मागे ठेवते. न्यूटनने 1704 च्या आपल्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल हेच सांगितलं होतं. त्याच्या मते पॉलिशने ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक होतात.

किती बारीक? आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या लहरी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन लांबीच्या असतात. माणसाचा केस याच्या शंभरपट जाड. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग या लहरींपेक्षा बरेच लहान झाले, की उजेडाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग सपाट होतो. आरशासारखी झळाळी येते ती या टप्प्यावर.

इथे सोनं आणि दगड यांत एक फरक आहे. सोन्यावर पडलेला पिवळा-तांबडा उजेड बहुतेक सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. म्हणून सोन्याची झळाळी वरच्यावर असते. अकीकासारख्या, म्हणजे अगेटसारख्या, दगडावर समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम साडेचार टक्के परत फिरतो आणि बाकीचा आत शिरतो. म्हणून घोटलेल्या अकीकाकडे पाहताना नजर पृष्ठभागावर थांबत नाही, खाली उतरत जाते. सोनं लखलखतं आणि अकीक खोल दिसतो.

एका पोटचे दोन भाऊ

सगळेच दगड घासून घेत नाहीत. चांगली झिलई यायची तर दगड कठीण हवा, त्याचे कण अतिशय बारीक आणि एकमेकांत घट्ट विणलेले हवेत, त्यात भोकं नकोत, आणि ठरावीक पातळीवर सुटणारे पापुद्रे नकोत. कठीणपणा मोजायला फ्रीड्रिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये दहा पायऱ्यांची शिडी केली. सर्वांत मऊ शंखजिरं पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. आपलं नख साधारण अडीचवर, चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास आणि स्फटिक, म्हणजे आपली गार, सातवर.

सात हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरातल्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतातच. सातपेक्षा मऊ असलेली कुठलीही चकचकीत वस्तू रोज धूळ पुसताना कणाकणाने ओरखडत जाते. संगमरवराची फरशी काही वर्षांत निस्तेज होते, कारण संगमरवर फक्त तीनवर बसतो. त्याच्यावर लिंबू पिळलं तर तो आम्लालाही शरण जातो. अकीक साडेसहा ते सात. धूळ त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. हजारो वर्षं जमिनीत पडलेला मणी उकरून धुतला की काल केल्यासारखा दिसतो, त्यामागे हे गणित आहे.

आता खानदेशकडे वळू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून राहिले आणि काळ्या खडकात पोकळ्या पडल्या. पुढे लाखो वर्षं त्या खडकातून पाणी झिरपत राहिलं. वाटेत विरघळलेली खनिजं त्याने या पोकळ्यांमध्ये आणून ठेवली. पोकळी तीच, पाणी तेच, पण त्यातून दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे भाऊ जन्मले.

पहिला भाऊ झिओलाइट. जळगाव आणि रावेर तालुक्यातलं सावदा ही नावं जगभरच्या खनिज-संग्राहकांना ठाऊक आहेत. दगडाच्या खाणीत किंवा विहीर खोदताना काळा कातळ फुटतो आणि आतून एखादी खोली उघडावी तशी पोकळी समोर येते. भिंतींना मोरपिसासारखे पसरलेले फिकट पीच रंगाचे स्टिलबाइट आणि त्यांच्यामध्ये काचेच्या चौकोनी खांबांसारखे अपोफिलाइट. अपोफिलाइट शास्त्रानुसार झिओलाइट नाही, पण राहतो त्यांच्याच घरात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही मंडळी एकत्र पाहायला मिळतात. झिओलाइट हे नाव क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1756 मध्ये दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. तापवला की आतलं पाणी वाफ होऊन निघतं आणि दगड फसफसल्यासारखा दिसतो.

या भावाची चमक जन्मजात असते. स्फटिक वाढताना त्याची पृष्ठं अणूंच्या रांगांनी आपोआप सपाट होत जातात आणि कारागिराला तिथे काही करायला उरत नाही. पण त्याला घासायला गेलात तर तो बिघडतो. स्टिलबाइट कठीणपणात चारच्याही आत, आणि त्याचे थर अभ्रकासारखे सुटतात. पुडीचा पहिला हात फिरला की टवके निघतात. म्हणून झिओलाइट कपाटात ठेवायचा आणि लांबून पाहायचा.

दुसरा भाऊ अकीक, आपल्या बाजारात ज्याला हकीकही म्हणतात. पोकळीत सिलिका थराथराने भिंतींवर बसत गेली, त्याच्या या रेघा. यातले तंतू इतके सूक्ष्म की साध्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत, आणि एकमेकांत असे गुंतलेले की दगड फोडायला गेलं तर दम काढतो. बाहेरून हा भाऊ बटाट्यासारखा दिसतो. सालीवर हिरवट किंवा करडी बुरशी चढल्यासारखा थर. शेतात नांगराला लागला तर शेतकरी बांधावर फेकतो. चमक मिळवायला त्याला फुटावं लागतं आणि मग पुष्कळ घासून घ्यावं लागतं. पण एकदा आलेली झिलई जात नाही.

तापीकाठच्या जमिनीत मात्र हे दगड सहज हाताला लागत नाहीत. खोऱ्याच्या मध्यभागी गाळ शेकडो मीटर खोल साचलेला आहे. केळी त्यावरच पिकते, आणि त्याने मूळ खडक झाकून टाकलेला आहे. अकीक शोधायचा तर उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या उतारावर जायचं, नाहीतर गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांत हात घालायचा.

या दोन भावांचा बाप म्हणजे काळा कातळ स्वतः. तोही घोटला जातो, पण फक्त जिथे पोकळ्या नाहीत आणि कण बारीक आहेत तिथे. धुळे-नंदुरबार भागात जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये लाव्हा घट्ट बसला आणि भिंतीसारख्या उभ्या रांगा तयार झाल्या. भूवैज्ञानिकांनी अशा दोनशेहून अधिक रांगा मोजल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटर भरते. अशा घट्ट काळ्या दगडाला काळीभोर झिलई येते. बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून ओट्यांना लागणारे बरेच दगड प्रत्यक्षात ग्रॅनाइट नसून याच कुळीचे असतात. देवळातल्या काळ्या मूर्तींची गोष्ट निराळी. छिन्नीने घडवून घोटलेल्या त्या मूर्तींवर पुढे शतकानुशतकं तेल, पाणी आणि माणसांचे हात फिरत राहिले. देवाचे पाय सगळ्यांत जास्त चकाकतात ते त्यामुळे.

पाटण्याचे मणी, पैठणचे गाडे

खानदेशात माणसाने झळाळीची आवड कधी धरली? चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे हे गाव गणितप्रेमींना भास्कराचार्यांमुळे माहीत आहे. इथल्या देवळातल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. पण पाटण्याची सर्वांत जुनी वस्तू शिलालेखाहून कितीतरी जुनी आहे. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ श. अ. साळी यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्याच कवचावर कोरलेली आडव्या-उभ्या रेघांची नक्षी मिळाली. त्या थराचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग त्या काळी खानदेशात हिंडत होता, हेही यातून कळतं.

अंड्याचं कवच म्हणजे चुनखडीच, संगमरवराच्या घरातलं. ते मऊ, सहज घासता येणारं. तुकडा तोडायचा, मध्ये भोक पाडायचं, दोऱ्यात ओवून कडा दगडावर घासायच्या. त्याच लोकांची हत्यारं मात्र अकीक आणि त्याच कुळीतले कॅल्सिडनी व जास्पर यांची. म्हणजे या दगडांची ओळख होती, पण ते धारेसाठी वापरले जात. दागिन्यांसाठी मऊ कवच पुरत होतं. अकीकाला भोक पाडून त्याचा मणी करायचा तर वेगळी कला हवी होती, आणि तिला अजून बराच अवकाश होता.

ती कला भारतात पक्की झाली ती सिंधू संस्कृतीच्या काळात. कार्नेलियनचे, म्हणजे लालभडक अकीकाचे, लांबलचक मणी इराकमधल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. अशा मण्याला आरपार भोक पाडायला सिंधूचे कारागीर एक खास कठीण दगड वापरत. चन्हुदडोचं उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्या दगडाला 'अर्नेस्टाइट' म्हणतात. जोनाथन मार्क केनॉयर यांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा या दगडाच्या टोकाने तासाला अडीच मिलिमीटरच्या आसपास भोक पुढे सरकलं. बोटभर लांबीच्या मण्यासाठी कित्येक दिवस नुसतं भोक पाडत बसायचं.

खानदेशात ताम्रपाषाण काळातली वस्ती तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे आणि गिरणेकाठच्या बहाळ इथे उत्खननात उजेडात आली. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण 1998 पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. पुढच्या काळाची साक्ष एका परदेशी खलाशाने लिहून ठेवली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-ग्रंथात म्हटलं आहे, की पैठणहून रेघांचे अकीकजातीचे दगड आणि तगर, म्हणजे तेर इथून कापड गाड्यांत भरून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला येतं. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट.

नकाशा पुढ्यात घेतला तर हे गाडे कुठून गेले असतील याचा अंदाज येतो. पैठणहून उत्तरेला निघायचं, सातमाळ्याचा घाट उतरायचा आणि खानदेशच्या सपाटीवरून तापीच्या कडेकडेने पश्चिमेला वळायचं. या वाटेच्या माथ्यावर कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि तिथल्या दानलेखांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं नाव आहे. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यांना पैठणच्या व्यापाऱ्याने दान द्यावं, यातच वाटेचा पुरावा दडला आहे. रोममधल्या एखाद्या अंगठीतला रेघाळ दगड बैलगाडीने चाळीसगावच्या रानातून गेलेला असू शकतो.

खंबायतची रीत

खानदेशात आज अकीक घोटण्याचा मोठा धंदा नाही. तो पाहायचा तर खंबातला जावं लागतं. जुन्या मराठीत हेच खंबायत. नर्मदेकाठच्या राजपिपळा भागातल्या रतनपूर इथल्या खाणींचा दगड इथे येतो. ही रीत सिंधूकाळाशी नातं सांगते, म्हणून केनॉयर, इटलीचे मासिमो विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान यांनी खंबातच्या कारागिरांसोबत बसून तिचा तपशीलवार अभ्यास केला.

कच्चा दगड आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात ठेवून गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आगीत भाजतात. दगडातलं पिवळसर लोह तापून तांबड्या लोहात बदलतं आणि मळका पिवळा अकीक लाल होतो. घाई केली तर दगड आतून तडकतो, म्हणून आग रात्रभर धुमसत ठेवायची. मग घडण. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकाला दगड टेकवायचा आणि वरून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलके मारायचं. हातोडी मऊ, सळी कठीण. त्यामुळे टवका सळीच्या बाजूने निघतो, तोही हवा तेवढाच. पुढे सहाणेच्या चाकावर घासायचं आणि हिऱ्याच्या कण्या बसवलेलं गिरमिट कामठ्याने फिरवून भोक पाडायचं.

झिलईचं काम सगळ्यांत धिम्या गतीचं. जुन्या पद्धतीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरून तोंड शिवत. खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं बसत आणि पायाने ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहत, दहा-पंधरा दिवस. मणी एकमेकांवर घासून घासून चकाकत. आता हे काम विजेवर फिरणारी पिंपं करतात, पण तत्त्व तेच.

कुरुंद हा शब्द इथे थोडा थांबून पाहावा असा. हिऱ्याखालोखालचा हा कठीण दगड. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, आणि तिथून तो इंग्रजीतही गेला. माणिक आणि नीलम त्याचीच रंगीत रूपं. चाकूला धार लावणारा, दगडाला झिलई देणारा आणि अंगठीत बसणारा असा हा एकच पदार्थ. 1890 च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी कार्बोरंडम हा कृत्रिम अपघर्षक बनवला, तेव्हा त्याच्या नावातही कुरुंदाची आठवण राहिली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीत नाहे नदीच्या खोऱ्यात इडार-ओबरश्टाइन इथे हाच धंदा निराळ्या आसनात चाले. पाणचक्कीवर माणसाहून उंच वालुकाश्माची चाकं फिरत आणि कारागीर लाकडी घोड्यावर पालथा पडून, पायाने मागे रेटा देत, दगड चाकावर दाबून धरी. तिथला अकीक संपत आला तेव्हा एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा दगड येऊ लागला. रंग देण्याची जुनी युक्तीही तिथे कारखानी झाली. अकीकात सूक्ष्म छिद्रं असतात. तो साखरेच्या पाण्यात मुरवून गंधकाच्या तेजाबात टाकला की साखर आतल्या आत जळून कोळसा होते आणि करडा पट्टा काळाकुळकुळीत होतो. बाजारातला बराचसा काळा ओनिक्स असाच काळा झालेला असतो.

देणारा दगड

आता जळगावच्या सराफ बाजारात येऊ. सुवर्णनगरी म्हणून या शहराचं नाव आहे, आणि लग्नसराईत दूरदूरचे लोक इथे सोनं घ्यायला येतात. सोनाराच्या जुन्या पेटीत दोन दगड असायचे. एक कसोटी. हा काळा, बारीक कणांचा. त्याच्यावर सोनं ओढायचं आणि उमटलेल्या रेघेचा रंग पाहून कस ठरवायचा. कसोटी गुळगुळीत लागते, पण आरशासारखी घोटलेली चालत नाही. फार चकचकीत दगडावर सोनं नुसतं घसरतं, रेघ सोडत नाही.

दुसरा दगड म्हणजे ओपणी. लाकडी मुठीत बसवलेलं अकीकाचं एक टोक, घोटून घोटून काचेसारखं झालेलं. काही ओपण्या पोलादाच्याही असतात. घडवलेल्या दागिन्यावर ती दाबून फिरवायची. इथे घासण्याची रीत उलटी होते. अकीक सातच्या जवळ, सोनं अडीच ते तीन. ओपणी सोन्याचा कणही काढत नाही. तिच्या दाबाखाली पृष्ठभागावरचे उंचवटे मऊ लोण्यासारखे बाजूच्या खड्ड्यांत दाबले जातात. ओपणी स्वतः जितकी गुळगुळीत, तितकंच सोनं गुळगुळीत होतं, कारण ते तिच्याच अंगाचा ठसा घेतं. सोनं वाया न घालवता झळाळी येते, आणि सोन्याच्या धंद्यात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 'ओप देणे' या शब्दप्रयोगातला ओप तो हाच. बांधावर फेकलेल्या दगडाच्या जातभाईने सोन्याला दिलेला.

ओप फक्त सोन्यालाच मिळाला असं नाही. एरंडोल आणि यावल ही गावं एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. लगद्याचा ताव वाळला की खरखरीत होतो. बोरूचं टोक त्यात अडकतं आणि शाई पसरते. म्हणून आपल्याकडच्या हातकागदाच्या रीतीत तावाला खळ लावून वाळवत आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत. घोटलेल्या कागदावर बोरू घसरत जातो आणि अक्षर तुटत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात किंवा शंकर श्रीकृष्ण देवांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या पोथ्या आहेत. एखादी पोथी पाहायला मिळाली तर पान उजेडात जरासं तिरकं धरून पाहावं. शाईखाली मंद चकाकी दिसली, तर तिथे कुणाचा तरी हात घासत गेलेला आहे. जयपूरकडे चुन्याच्या भिंतींना 'आराइश' म्हणून जी संगमरवरी झाक आणतात, तीही ओल्या गिलाव्यावर अकीक घोटूनच.

सोनं, कागद आणि भिंत, तिन्हींची झळाळी घोटणाऱ्या दगडाने दिलेली. आपण मात्र तिचं श्रेय सोन्याला, पोथीला आणि महालाला देतो.

झळाळीची पूड कुठे जाते

घासताना दगडाचा जो भाग निघतो, तो कुठे जातो? पाण्याखाली घासला तर चिखल होऊन वाहून जातो. कोरडा घासला तर हवेत राहतो. त्यातले अगदी सूक्ष्म कण नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. सिलिकाचा कण शरीराला विरघळवता येत नाही. त्याच्याभोवती जखमेच्या व्रणासारखी गाठ धरते आणि अशा गाठींनी फुप्फुस आक्रसतं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उपाय नाही, आणि क्षयरोग अशा फुप्फुसात लवकर घर करतो. खंबातच्या अकीक-कारागिरांच्या वस्त्यांत हा आजार अनेक पिढ्या ठाण मांडून आहे. ज्या घरात मणी घोटले जातात, त्याच घरात चूल पेटते आणि मुलं रांगतात.

हा केवळ जुन्या धंद्याचा प्रश्न नाही. अलीकडे स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी गारेची पूड राळेत घट्ट करून बनवलेला कृत्रिम दगड लोकप्रिय झाला. त्यात सिलिका 90 टक्क्यांहूनही अधिक असू शकते. तो कापताना-घासताना तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्याचं दिसू लागलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली. पाण्याची धार, धूळ ओढून घेणारा पंखा आणि चांगला मुखवटा यांनी बराच धोका टळतो. दगड ओला ठेवून घासणं महाग नाही, फक्त कामाची गती कमी होते. चकचकीत दगड विकत घेताना तो ओला घासला होता की कोरडा, एवढं तरी दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

खिशातले गोटे

पुन्हा त्या ओट्यावर ओतलेल्या गोट्यांकडे येऊ. त्यांतला कोणता घोटण्यालायक आहे हे ओळखायला दुकान लागत नाही. आधी दगड ओला करून पाहावा. जो रंग तेव्हा दिसेल, तोच पॉलिशनंतर दिसणार. मग चाकूच्या पात्याने हलके ओरखडून पाहावं. ओरखडा उमटला तर दगड मऊ. पात्याचीच राखाडी रेघ दगडावर राहिली, तर तो पात्याहून कठीण आहे. शेवटी उन्हाकडे धरावा. कडा मधासारख्या उजळल्या आणि आत रेघा दिसल्या, तर बहुधा अकीक.

आता एक प्रश्न उरतो. नदी तर हे गोटे हजारो वर्षं घासते आहे. कोपरे तिने गोल केले, मग झिलई का दिली नाही? तापीकडे वेळेची कमतरता नव्हती आणि वाळूचीही नव्हती. पण तिच्याकडे चाळणी नव्हती. बारीक गाळ दगडाला घोटायला येतो, तेवढ्यात त्याच्यामागून जाड वाळूचा लोंढा येतो आणि झालेलं काम ओरखडून टाकतो. खंबातचा कारागीर प्रत्येक पायरीनंतर मणी स्वच्छ धुतो, पिंपाचा तळ पुसतो आणि मगच पुढची बारीक पूड घालतो. मागच्या पुडीचा एक भरड दाणा राहिला, तरी पुढच्या आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. कारागिराची अर्धी कला घासण्यात आहे आणि उरलेली धुण्यात.

म्हणून गोट्यांची परीक्षा झाली की निवडलेला दगड ठेवून बाकीचे परत पात्रात टाकायला हरकत नाही. नदी त्यांना आणखी गोल करील. ओप मात्र माणसालाच द्यावा लागेल.